मास्तरांचा हात

ऑफिसातल्या कुणालाही मास्तरांचं खरं नाव विचारलं असतं, तर निम्मे जण चाचपडले असते. मास्तरांनी जन्मात कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. मूळचं टोपणनाव 'स्टेशनमास्तर', कारण त्यांनी हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय काही सुटत नसे. पुढे 'स्टेशन' गळालं आणि मास्तर उरले. वय पंचेचाळीसच्या आसपास, चष्मा कायम कपाळावर, आणि लग्न नाही. लग्नाचा विषय कुणी काढला की म्हणायचे, "झालंय की! दर गुरुवारी सासरी असतो ना."

गुरुवार म्हणजे रिलीजचा दिवस. टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर ही कंपनी होती. बसची तिकिटं विकणारी वेबसाइट चालवायची. खिडकी उघडली की रबराचा वास आणि बंद ठेवली की उकाडा, त्यामुळे खिडकीवरून रोज भांडण. आठवडाभर सगळ्यांनी मिळून जे लिहिलं, बदललं, दुरुस्त केलं, ते गुरुवारी दुपारी गिऱ्हाइकांसमोर जायचं, आणि ते जायचं फक्त मास्तरांच्या कॉम्प्युटरवरून. आधी सगळ्या फाइली एका ठरावीक क्रमाने जोडायच्या. भाड्याची फाइल तारखांच्या कॅलेंडरच्या फाइलीमागे राहिली तर पान उघडतच नाही, हे त्यांनाच ठाऊक. मग त्या जोडलेल्या फाइलीतल्या मोकळ्या जागा आणि टिपा काढून ती दाबून लहान करायची. फोटोंचं वजन उतरवायचं. प्रत्येक फाइलच्या नावाचं शेपूट बदलायचं, नाहीतर लोकांच्या फोनवर जुनंच पान दिसत राहतं. मग ड्रॉवरमधले फोन काढून त्यांवर साइट उघडून बघायची. त्यातला एक इतका म्हातारा की त्याची काच टेपने चिकटवलेली होती. एवढं झालं की मास्तर घोटभर पाणी प्यायचे, "सोडतोय हो!" म्हणून ओरडायचे, आणि बटण दाबायचे.

दुसऱ्या कुणी हे करून बघितलं नव्हतं असं नाही. एकदा मास्तर तापाने पडले, तेव्हा एकाने आपल्या कॉम्प्युटरवर, त्यांना फोनवर विचारत विचारत सगळं जसंच्या तसं केलं. संध्याकाळपर्यंत तक्रारींनी नाकी नऊ आणले. जुन्या फोनवर तारीख निवडायचं कॅलेंडर उघडेचना. मास्तर अंगात ताप घेऊन आले, तीच सगळी कामं स्वतःच्या कॉम्प्युटरवर केली, आणि कॅलेंडर मुकाट्याने उघडलं. पुढे आणखी एकदा असंच झालं. तेव्हापासून ऑफिसात बोललं जाऊ लागलं, "मास्तरांचा हात लागला पाहिजे." एखादीच्या हाताला चव असते म्हणतात ना, तसं. मास्तर वरवर "अहो, कसलं काय," म्हणायचे. पण मनातून त्यांना ते फार आवडायचं, हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं. खोलीवर परतल्यावर आपणच दिवा लावायचा असतो अशा माणसाला, आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, हे ऐकायला गोडच वाटणार.

वाट बघणारं एक माणूस होतं तसं, पण ते दूर, दुसऱ्या गावात. थोरली बहीण. ताई एका शाळेचं ग्रंथालय सांभाळायची आणि घरी आईला सांभाळायची. आईचे कान पुरते गेले होते. कानाला लावायच्या यंत्रातून नुसता कलकलाट ऐकू येतो म्हणून तिने ते कपाटात टाकून दिलं होतं. समोरच्याच्या ओठांकडे बघून कळेल तेवढं कळायचं. वर चक्कर यायची, दोनदा न्हाणीघरात पडली होती. दिवसा शेजारीण लक्ष ठेवायची, पण रात्री तिला एकटं ठेवण्याची सोय नव्हती. ताईने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही, आणि कुरकुर न करणाऱ्या माणसाच्या डोक्यावर घरातली सगळी ओझी आपोआप येऊन बसतात.

ताईच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, काढून टाकू, फार लांबवू नका. ऑपरेशन म्हणजे दवाखान्यात राहणं आलं, मग आईजवळ कोण?

"आठ-दहा दिवस येशील का रे?" ताईने फोनवर विचारलं.

"येणार म्हणजे काय, येणारच," मास्तर म्हणाले. पण नेमकं त्याच आठवड्यात पैसे भरायचं पान नवं होणार होतं. दोन दिवसांनी त्यांनी उलटा फोन केला. "ताई, एवढं एक रिलीज जाऊ दे. माझ्याशिवाय कुणाला जमत नाही गं ते."

ताईने तारीख पुढे ढकलली. पुढच्या तारखेला सुट्ट्यांचा हंगाम आला, साइटवर ही गर्दी, रोज काहीतरी मोडायचं आणि रोज मास्तरांचा हात लागायचा. ताईने पुन्हा पुढे ढकलली. "दुखत तर नाहीये," ती म्हणाली, "राहू दे. तुझं आटपलं की सांग." मास्तरांना हायसं वाटलं. खरंच वाटलं. त्यांनी फोन ठेवला, चहा मागवला आणि पुन्हा कामाला लागले. असं करता करता वर्ष कधी सरलं ते त्यांना कळलंही नाही.

तिसऱ्या वेळी ताईचा फोन आला तो दुपारी, ऑफिसच्या वेळात. ती तसा कधी करत नसे.

"या वेळची तारीख मी घेतलेली नाही. डॉक्टरांनी दिलीय. गाठ वाढलीय म्हणे. तुला जमणार नसेल तर आत्ताच सांग, म्हणजे मी आईची दुसरी काही व्यवस्था बघते."

आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मास्तरांची पाचावर धारण बसली. "येतो," ते म्हणाले, "काही झालं तरी येतो." आणि फोन ठेवल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतात तर काय, त्या आठवड्यात सबंध साइटचं रूप बदलणार होतं. वर्षातलं सगळ्यात मोठं रिलीज. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

कंपनीच्या मालकीणबाई माणूस म्हणून वाईट नव्हत्या. "जा ना मास्तर, सख्खी बहीण आहे तुमची," त्या लगेच म्हणाल्या. मग पेन बोटांत फिरवत थांबल्या. "पण गुरुवारचं काय करायचं?"

मास्तर जागेवर येऊन बसले आणि चष्मा कपाळावरून काढून नुसतेच पुसत राहिले. शेजारच्या टेबलावर नवी बसायची. तिला येऊन बरेच दिवस झाले होते, पण तिच्यानंतर कुणी आलं नाही, त्यामुळे ती नवीच राहिली होती. तिने सगळं ऐकलं होतं. त्या खोलीत न ऐकायची सोयच नव्हती.

"मास्तर, हे सगळं मशीनलाच का नाही करायला लावत?"

"मशीनला हात कुठून आणू?"

"हात कशाला पाहिजे? स्वयंपाक आहे का? तुम्ही जे जे करता ते त्याच क्रमाने लिहून काढायचं, झालं. सगळ्यांचं काम जिथे जमा होतं ना, त्या कॉम्प्युटरला त्या आज्ञा द्यायच्या. तोच फाइली जोडेल, तोच दाबून लहान करेल, पानं उघडून तपासेल. चुकलं तर लाल, बरोबर असलं तर हिरवं. त्यासाठी तयार हत्यारं मिळतात, फुकट. माझ्या आधीच्या ऑफिसात याला बिल्ड म्हणायचे, आणि ढुंकूनही कुणी त्याच्याकडे बघायचं नाही."

"तिथलं काम सोपं असेल."

"तिथे विमानाची तिकिटं होती, मास्तर."

असल्या हत्यारांविषयी मास्तरांनी ऐकलं नव्हतं थोडंच? कितीतरी वर्षांपासून ते वाचत होते, मान डोलावत होते आणि 'निवांत झालो की बघू' म्हणत होते. निवांत ते कधी झाले नाहीत, कारण दर गुरुवारी सगळं हातानेच करायचं असे. पण आता गळ्याशी आलं होतं. त्याच दुपारी ते बसले.

आणि एकदा बसल्यावर त्यांना त्यात मजा येऊ लागली, हीसुद्धा गंमतच. फाइलींचा जो क्रम त्यांच्या डोक्यात होता तो कागदावर उतरवला तर पानभरसुद्धा भरला नाही. फोटो बारीक करायला त्यांना जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात मशीनने ते करून वर जांभई दिली असती. नवीने त्यांच्याकडून तपासण्याही लिहून घेतल्या: मशीनने पान उघडायचं, जुन्या फोनचं सोंग घ्यायचं, तारखेवर बोट ठेवायचं, कॅलेंडर उघडतं का बघायचं. मास्तरांच्या कॉम्प्युटरवर सगळं चालवून बघितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत हिरवं. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी तेच सगळं सामाईक कॉम्प्युटरवर चढवलं आणि चालवलं.

लाल. कॅलेंडर उघडेना.

पुन्हा चालवलं. पुन्हा लाल. आणि मास्तरांच्या मनात काय आलं असेल? बहिणीच्या ऑपरेशनची काळजी होतीच, पण तिच्याही आधी, एक क्षणभर, त्यांना बरं वाटलं. "बघितलंस?" ते नवीला म्हणाले. "म्हणून म्हणतो, हात लागतो."

नवी हसली नाही. "आज्ञा त्याच, फाइली त्याच. म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरमध्ये असं काहीतरी आहे, जे इथे नाहीये. शोधू या ना."

शोधायला फार वेळ लागला नाही. कॅलेंडर कंपनीत कुणी लिहिलेलं नव्हतं. शर्टाची बटणं जशी कुणी घरी बनवत नाही, तसे वेबसाइटचे कितीतरी तुकडे तयारच आणतात. हे तुकडे प्रत्येकाचा कॉम्प्युटर बाहेरून आपापले उतरवून घेतो, एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो, आणि त्या फोल्डरमध्ये कुणी बोट घालायचं नसतं. घातलं तर ती दुरुस्ती आपल्यापुरतीच राहते, दुसऱ्या कुणालाही मिळत नाही. या धंद्यात पडलेल्या कच्च्या माणसालाही हे पहिल्याच आठवड्यात सांगतात. मास्तरांनी स्वतः कितीजणांना सांगितलं होतं. नवीने दोन्हीकडचं कॅलेंडर शेजारी शेजारी उघडलं. सगळं सारखं होतं. फक्त मास्तरांकडच्यात एक ओळ वेगळी होती.

"ही ओळ कुणी घातली?" तिने विचारलं.

मास्तर त्या ओळीकडे बघत राहिले. त्यांना ती दुपार आठवली. जुन्या फोनवाल्यांच्या तक्रारी येत होत्या, मालकीणबाई मागे उभ्या होत्या, आणि त्यांनी घाईघाईत त्या आणलेल्या तुकड्यातच ओळ बदलून वेळ मारून नेली होती. उद्या नीट करू म्हणाले होते. तो उद्या आला नाही आणि मास्तर ते साफ विसरले. पुढे नवा कॉम्प्युटर मिळाला तेव्हा आख्खा फोल्डर त्यांनी उचलून त्यात ठेवला, त्या ओळीसकट. इतर कुणी रिलीज केलं की कॅलेंडर मोडायचं, त्यांनी केलं की चालायचं, आणि सगळे म्हणायचे, हात.

"मीच," ते म्हणाले.

"कधी?"

"तू इथे यायच्या कितीतरी आधी."

नवीला समजायचं ते समजलं. तिने उघडलेल्या दोन्ही फाइली बंद केल्या. मग म्हणाली, "असं कुणाचंही होतं, मास्तर."

"होतं गं. पण मला ते आवडत होतं," मास्तर म्हणाले.

ती ओळ त्यांनी आता रीतसर सगळ्यांच्या कामात जमा केली. यापुढे मशीनच ती दर वेळी आपणहून लावणार होतं. बटण दाबलं. हिरवं. खोलीत टाळ्या पडल्या, कुणीतरी शिट्टी मारली. "मास्तर आता रिकामे! बघा मालकीणबाई, पगार कापा!" सगळे हसले, मास्तरही हसले. मग ते जिन्यात जाऊन उभे राहिले आणि टायरच्या दुकानातला माणूस चाकात हवा भरत होता ते उगाच बघत बसले.

ताईच्या घरी पोचले तेव्हा आईने त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "वाळलास रे," ती मोठ्याने म्हणाली. आपला आवाज किती मोठा येतो याचा तिला आता अंदाज राहिला नव्हता. तिच्याशी बोलायची रीत ताईने शिकवली: समोर बसायचं, उजेड आपल्या तोंडावर पडेल असं बसायचं, आणि सावकाश बोलायचं. "आणि तोंड पाडायचं नाही," ताई म्हणाली. "ऐकू येत नाही ना, म्हणून ती चेहरे वाचत बसते. मी जरा गप्प दिसले की दिवसभर काय झालं, काय झालं. वर्षभर हसरं तोंड करून माझे गाल दुखायला लागलेत." हे ती थट्टेने म्हणाली, म्हणून मास्तर हसले.

ऑपरेशन गुरुवारीच झालं. दवाखान्याच्या व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर मास्तर आईला घेऊन बसले होते. घरी थांबायला तिने साफ नकार दिला होता. दुपार झाली तसा त्यांचा हात सारखा खिशातल्या फोनकडे जाऊ लागला. या वेळेला ऑफिसात पाणी पिऊन 'सोडतोय हो' झालेलं असायचं. फोन वाजेल, कुणीतरी म्हणेल, "मास्तर, अडलंय," असं त्यांना वाटत होतं. वाजू नये असंही वाटत होतं आणि वाजावा असंही. शेवटी नवीचा निरोप आला: "गेलं. सगळं हिरवं. काळजी घ्या." बस्स. वर्षातलं सगळ्यात मोठं रिलीज, आणि कुणी ओरडलंसुद्धा नाही. मास्तरांनी तो निरोप पुन्हा वाचला. कुणी थोबाडीत मारली असती तर निदान गाल चोळता आला असता.

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी मास्तरांना बाजूला घेतलं. गाठ काढली, म्हणाल्या. पण काखेतही पसरलंय. आता पुढचे उपचार बरेच दिवस चालतील आणि ते सोपे नाहीत. पुढचं आत्ताच काही सांगता येणार नाही.

"आधी आलो असतो तर?" मास्तरांनी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"वर्षापूर्वी आला असतात तर बहुतेक एवढ्यावरच भागलं असतं," बाई म्हणाल्या. रागाने नाही, आणि आणखी काही सांगायला त्यांना वेळही नव्हता; पुढची माणसं थांबली होती.

दुसऱ्या दिवशी ताई बोलण्याइतकी सावध झाली. डॉक्टरीणबाई सकाळी येऊन तिलाही सगळं सांगून गेल्या होत्या. चेहरा उतरला होता, पण आई समोरच खुर्चीत बसलेली, त्यामुळे ओठांवर ते ठरलेलं हसू होतं. मास्तर कॉटशेजारी स्टुलावर बसले.

"सोडलं बाबा ऑफिसने तुला," ताई म्हणाली. "गुरुवारचं काय केलंस?"

आजाऱ्यापाशी बसलेल्या माणसाला बोलायला काहीतरी विषय हवाच असतो. मास्तरांनी सांगायला सुरुवात केली. मशीनला कसं शिकवलं, ते आपलं आपण कसं जोडतं, कसं तपासतं, लाल कधी, हिरवं कधी. सांगता सांगता त्यांना थोडा हुरूपही आला. आता कुणाचंही अडत नाही, म्हणाले, आता तू म्हणशील तेव्हा मी येईन, हवं तितकं राहीन. ताई छताकडे बघत ऐकत होती.

"किती दिवस लागले रे ते बनवायला?" तिने विचारलं.

मास्तरांनी तोंड उघडलं आणि त्यांना कळलं आपण कुठे येऊन पोचलो आहोत. पण खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

"चार-पाच दिवस," ते म्हणाले.

ताईने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. हसू ओठांवर तसंच होतं, आईसाठी.

"म्हणजे मी वर्षभर थांबले, ती तुझ्या चार दिवसांसाठी."

"ताई, मला खरंच वाटत होतं की माझ्यावाचून..."

"वाटत होतं ना. मलाही तेच वाटत होतं. वाटायचं, बिचाऱ्याचं किती अडतंय, त्याला कशाला त्रास द्यायचा." सलाइन लावलेला हात तिने अंगावरच्या चादरीवर नीट ठेवला. "आईला जरा बाहेर घेऊन जा. खाली चहा मिळतो, तिला पाज. मला थोडं रडायचंय आणि तिच्यासमोर येत नाही."

मास्तर उठले. आईला हाताला धरून त्यांनी बाहेर आणलं. दार लावून घेतलं. व्हरांड्यात माणसं बसली होती. कुणी डबा उघडला होता, कुणी लहान मुलीला गप्प करत होतं. आई दोन पावलं चालली आणि थांबली.

"काय झालं? काय म्हणाली ती?" तिने विचारलं. तिचा आवाज सगळ्या व्हरांड्याला ऐकू गेला.

मास्तर मान खाली घालून पुटपुटले, "उशीर झाला, आई. माझ्यामुळे."

आईने त्यांच्या हनुवटीला बोट लावलं आणि तोंड वर उचललं.

"खाली बघून बोलू नकोस. मला दिसत नाही. परत सांग."

माणसं बघत होती. उजेड तोंडावर पडावा म्हणून मास्तर खिडकीकडे वळले, आणि एकेक शब्द सुटा करून, आईच्या डोळ्यांसमोर, त्यांनी परत सांगितलं.